ब्युटेनचं एलिव्हेशन

ब्युटेन हा वायू आहे. त्याला रंग नसतो, वास नसतो, आणि हवेत सोडला तर तो कुठे गेला ते कळत नाही, असं आमच्या मुलीच्या पुस्तकात लिहिलं आहे. पुस्तक लिहिणाऱ्यांनी आमचं ब्युटेन पाहिलेलं नाही. आमच्या ब्युटेनला विटेसारखा लाल रंग होता, ओल्या प्रायमरचा वास होता, आणि ते गच्चीवर चढवताना चार धडधाकट माणसांच्या कमरा धरल्या होत्या. कुठे गेलं ते कळत नाही, हा तर प्रश्नच नव्हता. ते पलीकडच्या गल्लीतूनसुद्धा दिसत होतं.

सुरुवात शाळेत झाली. विज्ञानाच्या बाईंनी मला बोलावून घेतलं आणि आमच्या कन्येचा चाचणीचा पेपर माझ्यासमोर ठेवला. पहिला प्रश्न होता, 'कार्बन सहसंयुज बंध का तयार करतो?' उत्तर मोठं झोकात सुरू झालं होतं. कार्बनच्या बाहेरच्या कक्षेत चार इलेक्ट्रॉन असतात. आठ झाले की त्याचं समाधान होतं. असलेले चार देऊन टाकायला जमत नाही, बाहेरचे चार आणून सांभाळायला झेपत नाही. म्हणून तो शेजारच्या अणूशी भागीदारी करतो: एक तुझा, एक माझा, आणि दोन्ही दोघांचे. इथवर मलाही समजलं. त्याच्या खाली मात्र कन्येने लिहिलं होतं, 'पण आठ झाले हे कार्बनला कसं कळतं? तो मोजतो का? आणि भागीदारीतला इलेक्ट्रॉन नेमका कोणाच्या घरी राहतो?' या प्रश्नांचा विचार करण्यात तिचा सगळा वेळ संपला होता. उरलेला पेपर स्वच्छ कोरा होता.

"कार्बनला काही कळायची गरज नाही," बाई म्हणाल्या. "पेपर सोडवणाऱ्याला कळलं म्हणजे झालं."

"अगदी बरोबर," मी म्हणालो. खरं सांगायचं तर तो इलेक्ट्रॉन कोणाच्या घरी राहतो हे मलाही तेव्हाच्या तेव्हा जाणून घ्यायचं होतं. पण अशा वेळी पालकांनी मान हलवायची असते, आणि मला मान हलवण्याचा सरकारी नोकरीतला दीर्घ अनुभव आहे.

"वर्गात मी हिला शंकासुर म्हणते," बाई पुढे म्हणाल्या. "प्रेमानेच हं. पण पुढच्या वर्षी शाखा निवडायची आहे. विज्ञान घ्यायचं तर माझी शिफारस लागते, आणि या पेपरवर मी ती देऊ शकत नाही. शाळेचं प्रदर्शन आहे. तिने रेणूचं एक मॉडेल करावं आणि बाहेरच्या परीक्षकांना नीट समजावून सांगावं. ते समाधानी झाले तर बघू. आणि तिला सांगून ठेवा, प्रदर्शनात प्रश्न परीक्षक विचारतात."

मी हे सगळं घरी येऊन सांगितलं. शंकासुर हे नावही सांगून बसलो, ते सांगायला नको होतं. कन्या जेवताना शांतपणे म्हणाली, "मी कॉमर्सला जाते. तिथे बेरीज जुळली की विषय संपतो."

आणि त्या दिवसापासून तिचे प्रश्न बंद झाले. ही पोरगी बोलायला लागल्यापासून आमच्या घरात 'का' ऐकल्याशिवाय पंख्याचं बटणसुद्धा कुणी दाबलेलं नव्हतं. तिच्या प्रश्नांना कंटाळून मी कितीदा पेपरात तोंड लपवलं असेल. आता घरात ताटावर चमचा वाजल्याचा आवाज येऊ लागला आणि मला जेवण जाईना. तिची आई मला बाजूला घेऊन म्हणाली, "शाखा कुठलीही घेऊ दे हो तिला. पण हिला पहिल्यासारखी बोलती करा. मला हे घर खायला उठतंय."

मी ते मनावर घेतलं. एखादी गोष्ट मी मनावर घेतली की काय होतं, हे आमच्या सोसायटीने त्यानंतर पाहिलं.

पहिलं मॉडेल बटाट्यांचं झालं. बटाटे म्हणजे कार्बन, वाटाणे म्हणजे हायड्रोजन, आणि मधे टूथपिक म्हणजे बंध. तीन दिवसांत वाटाणे सुरकुतले आणि एका कार्बनला कोंब फुटला. कार्बनला चारच बंध असतात, पाचवा चालत नाही, एवढं एव्हाना मी पुस्तकात वाचलं होतं. उरलेल्या निरोगी कार्बनांची बायकोने रश्श्याची भाजी केली.

त्या भाजीच्या वेळीच समोरच्या फ्लॅटमधले काका आले. यांना सगळी बिल्डिंग टिकाऊ काका म्हणते. चप्पल असो, जावई असो, काकांचा पहिला प्रश्न एकच: टिकेल का? हकीगत ऐकून ते म्हणाले, "बटाटे? अहो, पोरीच्या आयुष्याचा प्रश्न आणि तुम्ही बटाट्यावर काढताय? लोखंडात करा. कोपऱ्यावरच्या ग्रिलवाल्याला सांगा. नातवंडांपर्यंत टिकेल."

रेणू नातवंडांपर्यंत कशाला टिकायला हवा, हा प्रश्न आमच्या कन्येने एरवी नक्की विचारला असता. ती खाली मान घालून बटाटा खात होती. ते बघून मला भरून आलं आणि मी म्हणालो, "ठरलं. लोखंड."

इथे माझ्या नोकरीबद्दल सांगायला हवं. मी बांधकाम परवानगीच्या कार्यालयात ड्राफ्ट्समन आहे. लोक घराचे नकाशे घेऊन येतात, मी ते तपासतो. प्लॅन, म्हणजे घर वरून कसं दिसेल. एलिव्हेशन, म्हणजे बाजूने कसं दिसेल. सेक्शन, म्हणजे मधोमध कापलं तर कसं दिसेल. यातलं एक जरी नसलं तरी मी लाल पेन्सिलीने 'अपूर्ण' असं लिहून फाईल परत पाठवतो. या लाल पेन्सिलीला भलेभले आर्किटेक्ट टरकून असतात. ऑफिसातले शिपाई मला मागून नकाशावाला म्हणतात हे मला ठाऊक आहे, पण माझी रेघ बघून कुणी हसलेलं नाही.

रेणू निवडला ब्युटेन. कारण तो आमच्या गॅसच्या सिलिंडरमध्ये असतो, म्हणजे घरातलाच. शिवाय पुस्तकातलं त्याचं चित्र मला मनापासून आवडलं होतं. चार कार्बन एका ओळीत. प्रत्येकाच्या डोक्यावर एक हायड्रोजन आणि पायाशी एक, शिवाय ओळीच्या दोन टोकांना एकेक. सगळे कोन काटकोन. इतकी शिस्त मी आमच्या ऑफिसच्या रांगेतसुद्धा पाहिलेली नाही. मी चांगला कागद घेतला, भोवती चौकट आखली, कोपऱ्यात 'प्रस्तावित ब्युटेन' असं लिहिलं, खाली मोजमाप सेंटिमीटरमध्ये असल्याचं नमूद केलं, आणि वर उत्तर दिशेचा बाण काढला. रेणूला उत्तर दिशा असते की नाही मला माहीत नाही. पण बाणाशिवाय नकाशा माझ्या हातून बाहेर पडत नाही.

"कसा वाटतो?" मी कन्येला विचारलं.

"पुस्तकातल्यासारखा आहे," ती म्हणाली आणि आत गेली.

ग्रिलवाल्याने नकाशा उलटसुलट करून पाहिला आणि विचारलं, "उघडती हवी का फिक्स?"

"ही खिडकी नाही," मी म्हणालो. "हा रेणू आहे."

"बरं. रेणूला कडी कुठल्या बाजूला?"

मी त्याला अर्धा तास सहसंयुज बंध समजावून सांगितला. तो मान हलवत होता. त्याची मान हलवण्याची पद्धत माझ्यासारखीच होती, हे मला तेव्हा खटकायला हवं होतं.

आठवड्याने मी आणि कन्या बघायला गेलो. दुकानाबाहेर भिंतीला टेकवून एक प्रचंड लाल सांगाडा उभा होता. नकाशातले आकडे त्याने इंचात घेतले होते. खालचा 'सेंटिमीटर' हा मजकूर त्याने वाचलाच नव्हता. नकाशाच्या कोपऱ्यात बारीक अक्षरात असतं ते सगळं सरकारसाठी असतं, अशी त्याची समजूत. कार्बनना काळा आणि हायड्रोजनना पांढरा रंग सांगितला होता, तर सगळ्यांना सरसकट गंजरोधक प्रायमर. आणि दुसऱ्या कार्बनपासून कोपऱ्यातल्या हायड्रोजनपर्यंत एक जाडजूड तिरपी पट्टी.

"ही काय?" मी विचारलं.

"मधे लचकत होतं साहेब. मी आपली माझ्याकडून टाकली. मजबुतीला."

कन्या हळूच म्हणाली, "बाबा, त्या कार्बनला पाच बंध झाले. आणि हायड्रोजनला दोन."

"ऐकलंत?" मी ग्रिलवाल्याला म्हणालो. "याला चारच हात असतात."

"असू दे की. पाचवा माझ्याकडून."

"पाचवा चालत नाही!"

"मग हलेल."

"हलू दे! रेणू हलतातच!"

एव्हाना दुकानाशी घोळका जमला होता. एका गृहस्थांनी मला बाजूला घेऊन विचारलं की घरात काही ताणतणाव आहे का. ग्रिलवाल्याने कटर लावून पट्टी कापली खरी, पण मजबुती कापून मागणारं गिऱ्हाईक त्याने जन्मात पाहिलं नव्हतं. ठिणग्या उडत असताना तो माझ्याकडे फार दुःखाने बघत होता.

पुढचा प्रसंग जिन्यातला. ब्युटेन उभं करून वर नेता येत होतं, पण दुसऱ्या मजल्यावर वळताना त्याचा एक हायड्रोजन चेअरमनसाहेबांच्या बेलवर बसला आणि उचलता उचलेना. बेल वाजत राहिली. चेअरमनसाहेबांनी बनियनवर दार उघडलं तेव्हा त्यांच्या नाकासमोर लोखंडी गोळा होता आणि त्यामागे मी.

"हे काय आहे?"

"ब्युटेन," मी म्हणालो.

त्यांनी दार लावून घेतलं. सोसायटीच्या कुठल्या नियमात हे बसतं ते शोधायला ते आत गेले असणार.

आमच्या दारातून ब्युटेन आत जाईना. आडवं धरलं तर चौकट आडवी येई, उभं धरलं तर पॅसेजमध्ये वळेना. टिकाऊ काकांनी दाराची चौकट काढून टाकण्याचा सल्ला दिला. शेवटी ते गच्चीवर नेऊन पाण्याच्या टाकीशेजारी आडवं टाकलं, प्रदर्शनापर्यंत काहीतरी सुचेल म्हणून. पण आडवं टाकलेलं काकांना बघवेना. पाणी साचून गंजेल, म्हणून त्यांनी मला न विचारताच ते टाकीला टेकवून उभं केलं. तेव्हापासून ते पलीकडच्या गल्लीतून दिसू लागलं. वरच्या मजल्यावरच्या आजींचं डोकं दुखायला लागलं, आणि मोबाईलचा टॉवर आला की असंच होतं, हे त्यांनी कुठेतरी वाचलं होतं. चेअरमनसाहेबांनी तक्रार लिहिली. 'गच्चीवर अनधिकृत लोखंडी सांगाडा उभारल्याबाबत.' तक्रार रीतसर बांधकाम परवानगीच्या कार्यालयात पोचली, म्हणजे माझ्या ऑफिसात.

पाहणीला आमच्याच विभागातला एक पोरगेला इंजिनिअर आला. बिचारा माझ्याकडे बघेना.

"साहेबांनी मलाच पाठवलं," तो म्हणाला. "सर, हे बांधकाम कशासाठी आहे म्हणून लिहू?"

"बांधकाम नाही ते. शैक्षणिक साहित्य आहे."

"तात्पुरत्या उभारणीचा अर्ज करा सर. म्हणजे मला काही लिहावं लागणार नाही. सोबत प्लॅन, एलिव्हेशन..." आणि मग त्याच्या लक्षात आलं की तो कुणाला सांगतोय.

"आणि सेक्शन," मीच म्हणालो. दुसरं काय म्हणणार? माझी लाल पेन्सिल माझ्याच खिशात होती.

रविवारी दुपारी मी जेवणाच्या टेबलावर कागद पसरला. प्लॅन तयारच होता. आता एलिव्हेशन. बाजूने बघितल्यावर ब्युटेन कसं दिसतं? मी पट्टी लावली, पेन्सिल फिरवली, आणि थांबलो. कागदावर एक रेघ होती, आणि तिच्यावर ओळीने गोळे. बस्स. उंची नाही, खोली नाही. इतकी वर्षं मी लोकांच्या फाईली एलिव्हेशन नाही म्हणून परत पाठवल्या, आणि पोटच्या मुलीच्या रेणूला एलिव्हेशनच नव्हतं! मी प्लॅन ग्रिलवाल्याला दिला आणि ग्रिलवाल्याने त्याची ग्रिल केली. त्यात त्याचं काय चुकलं?

"हे काय आहे?"

मागे कन्या उभी होती. किती दिवसांनी तिच्या तोंडून प्रश्न आला होता!

"ब्युटेनचं एलिव्हेशन," मी शक्य तितक्या साध्या आवाजात म्हणालो.

"ही तर रेघ आहे."

"बाजूने बघितलं की रेघच दिसते."

"का?"

स्वयंपाकघरात भांड्यांचा आवाज थांबला. बायको ओल्या हातांनी दारात येऊन उभी राहिली. मी तिला डोळ्यांनीच खूण केली की हलू नकोस.

"पुस्तकात बाजूचं चित्र कसं आहे?" मी विचारलं.

"पुस्तकात बाजूचं चित्रच नाहीये."

"नाहीये? मग हे पुस्तक पास कुणी केलं?" मला खरोखरच संताप आला. ही फाईल माझ्या टेबलावर आली असती तर मी पहिल्या पानावरूनच परत पाठवली असती.

कन्या खुर्ची ओढून बसली. "बाबा, प्रत्येक बंध म्हणजे इलेक्ट्रॉनची जोडी. इलेक्ट्रॉन सगळे ऋण. ऋण ऋणाला ढकलतो. म्हणजे कार्बनभोवतीच्या चार जोड्या एकमेकींना ढकलत असणार."

"म्हणजे चार जण, एकमेकांचं तोंड बघायची इच्छा नाही, पण एकाच खांबाला बांधलेले," मी म्हणालो.

"मग ते सोसायटीच्या मीटिंगला बसतात तसे बसतील," दारातून बायको म्हणाली. "चार कोपऱ्यांत."

"तेच पुस्तकात आहे. काटकोन," कन्या म्हणाली. ती कागदावरच्या रेघेकडे बघत होती. "पण आई, मीटिंगला लोक जमिनीवर बसतात म्हणून कोपरे. यांना जमीन कुठे आहे? यांना वर आणि खालीसुद्धा जागा मोकळी आहे. मग ते कागदावर कशाला थांबतील?"

याचं उत्तर आमच्या तिघांपैकी कुणालाच येत नव्हतं, आणि खरं सांगतो, इतका आनंद मला नोकरी कायम झाली तेव्हाही झाला नव्हता.

आम्ही प्रयोग सुरू केले. आधी हातपाय पसरून मी कार्बन झालो. माझी पाठ धरली. मग लिंबाला काड्या टोचल्या, पण काड्या जिथे टोचाव्या तिथेच राहतात, एकमेकींना ढकलत नाहीत. एकमेकांना ढकलणारं काहीतरी हवं होतं. ते कन्येलाच सुचलं. ती चपला घालून खाली धावली आणि कोपऱ्यावरच्या दुकानातून फुग्यांची पुडी घेऊन आली. जिन्यात टिकाऊ काका भेटले. "फुगे?" ते म्हणाले. "टिकणार नाहीत."

चार फुगे फुगवले आणि त्यांची तोंडं एका गाठीत बांधली. कन्येने गाठ टेबलावर ठेवली आणि पुस्तकातल्यासारखी अधिकची खूण करायला चारही फुगे तळव्यांनी सपाट दाबून धरले. मग हात काढला. फुग्यांनी टुणकन उडी मारली: तीन पाय झाले आणि चौथा डोकं वर काढून उभा राहिला. तिने परत दाबलं. परत उभा. तिने उलटं करून टाकलं, तर डोकं होतं ते पाय झालं आणि दुसरंच कुणीतरी वर आलं. कुठूनही बघितलं तरी तेच.

"अहो, हे आपोआप होतंय," बायको म्हणाली.

"कुणाला मोजावं लागत नाहीये," कन्या अगदी हळू म्हणाली. "कुणाला काही कळावंही लागत नाहीये. नुसतं ढकलून होतंय."

मग मी दाबून बघितलं. मग बायकोने. मग परत मी. संध्याकाळपर्यंत चार गाठी एकमेकींना बांधून ब्युटेन तयार झालं. त्यातली कार्बनची ओळ सरळ नव्हतीच, नागमोडी होती. मी त्याचं एलिव्हेशन काढायला बसलो आणि दमलो. अर्जाला मात्र गच्चीवरच्या लोखंडाचंच खरं एलिव्हेशन जोडलं, म्हणजे ती रेघ. सरकारी कागदावर मी खोटं काढत नाही.

प्रदर्शनाला कन्या फुगे घेऊन गेली. आपल्या टेबलामागे तिने माझा नकाशा लावला होता, 'प्रस्तावित ब्युटेन', प्लॅन आणि रेघेसकट, उत्तरेच्या बाणासकट, आणि त्यावर लाल पेन्सिलीने लिहिलं होतं, 'अपूर्ण'. पेन्सिल तिने माझ्याच खिशातून घेतली होती. खाली माझी सही तशीच होती. माझ्या ऑफिसातलं कुणी आलं नाही ना, हे मी दोनदा दारापर्यंत जाऊन बघून आलो.

परीक्षक घाईत होते. मागे विज्ञानाच्या बाई उभ्या होत्या. कन्येने मिथेनपासून, म्हणजे एकट्या कार्बनच्या चार फुग्यांपासून, सुरुवात केली, भागीदारी सांगितली, ढकलाढकली सांगितली, नकाशात काय चुकलं तेही सांगितलं. जरा जास्तच सविस्तर सांगितलं असं माझं मत आहे. मग तिने फुगे दाबून सपाट केले आणि फट्‌ आवाज झाला. एक फुगा फुटला.

सगळा हॉल वळून बघू लागला. बाईंनी डोळे मिटून घेतले. मला काकांचे शब्द आठवले. आता ही रडणार, आणि मग कॉमर्स, आणि मग ती जेवणं, एवढं सगळं माझ्या मनात येऊन गेलं.

कन्या मात्र टेबलाकडे बघत होती. उरलेले तीन फुगे गाठीभोवती सरकले आणि टेबलावर सपाट पसरून स्थिर झाले. तिने त्यातला एक वर उचलून सोडला. तो परत खाली सपाट.

"हे का?" ती म्हणाली.

मागून बाईंनी हाताने खूण केली: प्रश्न परीक्षक विचारतात. कन्येचं तिकडे लक्षच नव्हतं. तिने थेट परीक्षकांकडे बघून विचारलं, "सर, तीनच बाजूंना बंध असलेला कार्बन असतो का?"

परीक्षकांनी पेन खिशात ठेवलं. "चार बंध तर हवेतच ना? मग तीन बाजू कशा होतील, तूच सांग."

ती गप्प झाली. ही आधीसारखी गप्प नव्हती, ही विचार करणारी गप्प होती, आणि मला ती ओळखता आली. "दोन बंध एकाच बाजूला गेले तर," ती सावकाश म्हणाली. "दुहेरी बंध! सर, इथीन! इथीनमध्ये दुहेरी बंध असतो. म्हणजे मिथेन सपाट नसतं, पण इथीन सपाट असतं का?"

"असतं," परीक्षक म्हणाले. "पण ते पुढच्या इयत्तांमध्ये शिकवतात." आणि त्यांनी खुर्ची ओढली आणि टेबलाशी बसले. घाईत असलेला माणूस असा बसलेला मी प्रथमच पाहिला. बाकीची मुलं ताटकळली, पण तो त्यांचा आणि शाळेचा प्रश्न.

शिफारस मिळाली का, असं तुम्ही विचाराल. परीक्षक उठून पुढच्या टेबलाकडे गेल्यावर बाई मागे राहिल्या. त्यांनी इकडेतिकडे बघितलं. मग कन्येने जादा बांधून ठेवलेले चार फुगे त्यांनी हळूच दाबले आणि सोडले. परत दाबले आणि सोडले. मग शिफारशीचं एक अक्षर न काढता त्यांनी विचारलं, "काय गं, पाच बांधले तर काय होईल?"

"बांधून बघूया का बाई?" कन्या म्हणाली, आणि दोघी पुडीत फुगे शोधायला लागल्या. शिफारस त्यानंतर आली. पण माझ्या हिशेबी ती तेव्हाच मिळाली होती.

लोखंडी ब्युटेनचं काय झालं तेही सांगून टाकतो. माझा अर्ज माझ्याच ऑफिसातून परत आला. शेरा होता: 'एलिव्हेशनच्या जागी केवळ रेघ. अपूर्ण.' शेरा योग्यच होता, मी अपील केलं नाही. ब्युटेन गच्चीवरून उतरवावं लागलं. उतरवताना हायड्रोजन पुन्हा त्याच बेलवर बसला, पण या वेळी चेअरमनसाहेबांनी दार उघडलं नाही. ग्रिलवाल्याने कडेने चौकट मारली, आपली ती तिरपी पट्टी पुन्हा जोडून दिली, आणि ते बाहेरून आमच्या स्वयंपाकघराच्या खिडकीला बसवलं. फिक्स. टिकाऊ काका येता-जाता त्यावर हात आपटून बघतात. पाहुणे आले की कन्या त्यांना खिडकीपाशी नेते आणि म्हणते, "हे चुकलेलं आहे. का ते सांगू?" आणि चहा निवतो.

पण मला सांगायचं होतं ते प्रदर्शनातून घरी येतानाचं. ती पुढे चालत होती, उरलेल्या फुग्यांची गाठ हातात धरून, आणि तोंडाचा पट्टा सुरू होता. पाणी सपाट असतं का? नाकाला वास येतो तो रेणूच्या आकारामुळे येत असेल का? तिच्या आईला एकाही प्रश्नाचं उत्तर येत नव्हतं आणि तिचा चेहरा नुसता फुलला होता. मी मागे होतो. त्या दिवशी शाळेत मान हलवून गिळलेला एक प्रश्न माझ्या घशात अजून तसाच होता.

"काय गं," मी शेवटी विचारलं, "तो भागीदारीतला इलेक्ट्रॉन नेमका कोणाच्या घरी राहतो?"

ती भर रस्त्यात थांबली आणि माझ्याकडे वळली.

"बाबा," ती म्हणाली, "तुम्हालाही पडलाय तो?"